दिवा नव्हे, होडी

बेसिनच्या भोकात कापडाचा बोळा कोंबून ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच बघितली.

काशीगावच्या बाजूला, हायवेला लागून जे औद्योगिक गाळे आहेत, त्यातल्या एका गाळ्यात आमची लॅब होती. खाली पत्र्याचे डबे बनवायचा कारखाना, वर आम्ही. नवीन निघालेल्या वस्तूंमधले अतिसूक्ष्म कण जिवंत प्राण्याच्या अंगात गेले तर कुठे जाऊन बसतात आणि तिथं काय करतात, हे आम्ही तपासून द्यायचो. नॅनो हा शब्द आता टूथपेस्टवरही लिहितात, त्यामुळे तो समजावत बसत नाही. पण कण केवढा असतो असं कुणी विचारलंच, तर बाई म्हणायच्या, "एवढा, की त्याला आत यायला दार लागत नाही."

पहिल्याच दिवशी मी एक काचेचं भांडं धुवायला बेसिनपाशी नेलं, तर मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. वळून बघते तर ठेंगणी, सावळी, पन्नाशीची बाई. ॲप्रनच्या खिशात चष्मा, डोळ्यांवर दुसरा चष्मा.

"हे पाणी कुठं जातं?"

"बेसिनमधे, मॅडम."

"आणि मग?"

"गटारात."

"आणि मग?"

"खाडीत जात असेल."

"आणि मग?"

नोकरीच्या पहिल्या दिवशी तोंडी परीक्षा देईन असं मला वाटलं नव्हतं. बाईंनी भांडं माझ्या हातातून घेतलं आणि ते पाणी कोपऱ्यातल्या निळ्या पिंपात ओतलं. "आणि मग माझ्या भावाच्या जाळ्यात," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. बेसिनच्या भोकात बोळा होताच. मला दिसला नव्हता, इतकंच.

तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. पाठीमागे सगळी लॅब त्यांना 'कुठंजातंबाई' म्हणायची आणि हे त्यांना ठाऊक होतं. वर्षअखेरीच्या जेवणाला त्यांनी स्वतःच्या खुर्चीवर तेच नाव लिहून चिकटवलं, म्हणजे बसायचा घोळ नको.

बाई मूळच्या जुन्या भाईंदरच्या, खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. शिकून, परदेशात राहून परत आल्या आणि जेसल पार्कात दोन खोल्यांत एकट्या राहायला लागल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची माझी छाती झाली नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. आमच्याशी बोलताना त्यांची भाषा पुस्तकी नसली तरी साफ असायची; भावाचा फोन आला की पहिल्या शब्दालाच कोळीवाड्यात पोचायच्या. "काय रं, जेवलास का न्हाय?" हे वाक्य मी जेवणाच्या सुट्टीत रोज ऐकलंय. भाऊ वयानं मोठा, पण काळजी करायची ती धाकटी.

त्यांच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे शिक्षा होती. मीरा रोडला स्टेशनबाहेर एका दुकानात मोज्यांच्या पाकिटावर लिहिलं होतं की आत चांदीचे कण आहेत, वास येत नाही. झालं. बाई तिथंच उभ्या. दुकानदाराला विचारतायत, "भैया, ये चाँदी धोने के बाद किधर जाती है?" तो बिचारा आधी हसला, मग वैतागला. "मैडम, मोज़ा लेने का है तो लो, चाँदी का मेरे को क्या मालूम?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मालूम नहीं, तो भी बेचता है." मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालेलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तो गरीब माणूस काय करणार?" तर म्हणाल्या, "काही नाही करणार. पण आज रात्री त्याला एकदा तरी वाटेल, खरंच, कुठं जात असेल?" त्याला काही वाटलं असेल असं मला नाही वाटत. पण मला वाटायला लागलं, हे मात्र खरं. अजून कपडे धुताना वाटतं.

लॅबमधे आमचे काचेचे हौद होते. एका बाजूला झेब्राफिश, बोटाच्या पेराएवढे पट्टेरी मासे, आणि दुसऱ्या बाजूला खाण्यातले मोठे मासे. झेब्राफिशची पिल्लं पारदर्शक असतात. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की त्यांचं धडधडणारं हृदय दिसतं, रक्त वाहताना दिसतं. कणांना आम्ही चमकणारा रंग लावायचो. मग तो हिरवा उजेड तोंडातून आत, आतड्यात, तिथून यकृताकडे सरकताना दिसायचा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बाईंना हाकच मारली. "पोचले, मॅडम, कण पोचले," मी म्हटलं.

बाई डोळा न लावताच म्हणाल्या, "दिवा दिसला. होडी दिसली का?"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. रंग कणाला चिकटवलेला असतो. अंगातल्या रसांनी तो सुटतो आणि एकटाच पुढं जातो. आपल्याला उजेड दिसतो आणि आपण म्हणतो कण पोचला. कण मागेच राहिलेला असतो, किंवा भलतीकडे गेलेला असतो. म्हणून उजेडावर थांबायचं नाही. तो अवयव काढायचा आणि आत खुद्द धातू आहे का, कण आहे का, ते दुसऱ्या यंत्रावर बघायचं. हे काम किचकट, वेळखाऊ आणि खर्चिक. बहुतेक ठिकाणी उजेडाचा फोटो छापतात आणि मोकळे होतात. फोटो दिसतोही सुंदर.

मासा मारायचं काम बाई कधी दुसऱ्याला देत नसत. भुलीच्या पाण्यात सोडताना त्याला हलक्या आवाजात "चल बाय" म्हणायच्या, मग तो नर असो की मादी. त्या दिवशी त्यांच्या डब्यात वरणभात असायचा. एरवी सुकट, बोंबील, मांदेली, निवट्या. डबा उघडला की खालच्या कारखान्यातली माणसं वर बघायची. पण मासे मारायच्या दिवशी वरणभात. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "सुतक आहे." थट्टा करतायत असं समजून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आता गाबोळीची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

एक उद्योजक आमच्याकडे बर्फाच्या पेट्या घेऊन आला. मासळी ठेवायच्या पेट्या, आतून चांदीच्या कणांचा लेप, म्हणजे मासे लवकर नासत नाहीत. पेट्या रोज बंदरावर धुणार, ते पाणी खाडीत जाणार, म्हणून त्या पाण्यात राहिलेल्या माशांत कण शिरतात का, हे तपासून हवं होतं. आम्ही मासे ठरलेल्या पद्धतीनं त्या पाण्यात ठेवले, मग तपासले. पद्धतीत लिहिलं होतं, खाण्यायोग्य भाग तपासावा. खाण्यायोग्य म्हणजे मांस. मांस स्वच्छ निघालं. अहवाल तयार झाला: धोका आढळला नाही. सही तेवढी बाईंची बाकी होती.

बाईंनी अहवाल वाचला आणि विचारलं, "काळीज कुठंय? पोट कुठंय? गाबोळी कुठंय?"

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. ती आणि बाकीचं सगळं पद्धतीप्रमाणे साफ करून बंद पिशवीत, जाळायला पाठवलेलं.

"हे लिहिणारा काट्याचमच्यानं मासे खाणारा आहे कोणीतरी," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे बारकी मासळी आख्खी तळतात. गाबोळीसाठी घरात भांडणं होतात. आणि आम्ही जे खातो तेच टाकून तुम्ही उरलेलं तपासलंत?"

आमचे डायरेक्टर तसे भले गृहस्थ, पण गाळ्याचं भाडं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नसे. त्यांनी बाईंना त्या उद्योजकासमोरच बोलावलं, म्हणजे बाई गिऱ्हाइकापुढे नरमतील. बाई आल्या त्या डबा घेऊन. टेबलावर ठेवून झाकण काढलं. आत तळलेली गाबोळी.

"हा कुठला भाग?" त्यांनी विचारलं.

उद्योजक शाकाहारी. त्यानं खुर्ची मागे सरकवली, रुमाल नाकाला लावला आणि क्षीण आवाजात म्हणाला, "बेन, आ शुं छे?"

"हे आमचं जेवण आहे, शेठ. तुमच्या अहवालात हे नाही."

डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, धोका सापडला नाही एवढंच तर लिहिलंय. ते खरंच आहे ना?"

"सापडलं नाही म्हणायचं तर आधी शोधावं लागतं. शोधलंच नाही, तर 'शोधलं नाही' असं लिहा. मी सही करते."

असं कोण लिहिणार? शेवटी लेपातल्या कणांना रंग लावून त्या पाण्यात मासे पुन्हा ठेवले, पुन्हा तपासले. आणि पहिल्याच बघण्यात गाबोळी आरपार उजळलेली. आम्ही सगळे धावत आलो. मी म्हटलं, "मॅडम, तुमचंच खरं निघालं." मला वाटलं, आता बाई डायरेक्टरच्या टेबलावर फोटो आपटणार.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला जे हवं होतं तेच दिसतंय. म्हणून जास्त नीट बघायला हवं."

गाबोळी त्या दुसऱ्या यंत्रावर गेली. चांदी जवळजवळ नव्हतीच. रंग सुटून एकटाच तिथं पोचला होता. यकृतात मात्र चांदी होती, खुद्द कण होते. बाईंनी तसंच लिहिलं: गाबोळीत शोधले, सापडले नाहीत, यकृतात शोधले, सापडले, इथले लोक लहान मासळी आख्खी खातात. डायरेक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "गाबोळीत नव्हतंच, मग एवढा तमाशा कशाला केलात?" बाई म्हणाल्या, "आता भावाला सांगता येईल, खा म्हणून."

तो उद्योजक अहवाल घेऊन गेला तो परत आला नाही. त्यानंतर मोठी कामं बाईंकडे येणं कमी झालं. त्यांना त्याचं वाईट वाटलंच नाही असं मी म्हणणार नाही. वाटलं. एक दिवस रिकाम्या हौदाची काच पुसता पुसता म्हणाल्या, "काम नाही दिलं की माणूस म्हातारा होतो गं."

दिवा आणि होडीचं कुठून आलं, हे मी त्यांना एकदा अंधाऱ्या खोलीत विचारलं. तिथं त्या थोडं मोकळं बोलायच्या; तोंड दिसत नाही म्हणून असेल.

त्यांचे वडील दर्यावर जायचे. जाळं कुठं टाकलंय ते कळावं म्हणून त्याच्या तरंगणाऱ्या बोयाला दिवा बांधतात. एका संध्याकाळी वारं सुटलं. काठावर बायका जमल्या. लांब दिवा दिसत होता. आई म्हणाली, दिवा हाय ना, मग हायेत. घरी आली आणि तिनं भात लावला.

"तो बोयावरचा दिवा होता," बाई म्हणाल्या. "होडी तिथं नव्हतीच."

वडील मिळाले नाहीत. होडीची फळीसुद्धा मिळाली नाही. वाट बघून बघून शेवटी भटजींनी दर्भाचा पुतळा करायला सांगितला आणि त्यालाच अग्नी दिला. अग्नी भावानं दिला. शाळकरी होता तेव्हा. बाई त्याच्याहून लहान, त्यांना फक्त भात आठवत होता. "कुणी जेवलं नाही. आणि आईनं तो टाकलाही नाही."

त्यांनी दुसरी काचपट्टी लावली आणि आम्ही काम पुढं चालू केलं.

पोटात गाठ आहे हे त्यांनी मला चहा गाळता गाळता सांगितलं, साखर संपलीय या सुरात. नेहमीचे उपचार झाले. केस गेले, वजन गेलं, गाठ गेली नाही. मग मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी एक नवा उपचार सुचवला. अजून चाचणीच चालू होती त्याची. सोन्याचे अतिसूक्ष्म कण, त्यांच्या पाठीवर औषध. ऐकल्यावर मी बाईंकडे बघितलं आणि बाईंनी माझ्याकडे. देवाला थट्टा करायची असली की अशी करतो.

मी बरोबर गेले होते. डॉक्टर तरुण, हुशार, बोलायला गोड. म्हणाले, "हे कण औषध थेट गाठीपर्यंत नेतात."

"सगळे?" बाई.

"म्हणजे... काही."

"बाकीचे कुठं जातात?"

मी मान खाली घातली. मला हसू येत होतं आणि रडूही.

"बरेचसे यकृतात साठतात. तिथून हळूहळू बाहेर पडतात."

"पडताना कुणी बघितलंत?"

डॉक्टर माणूस प्रामाणिक होता. खुर्चीत जरा सरळ बसला. "कणांना आम्ही खूण जोडतो, ती स्कॅनवर दिसते. काही महिन्यांनी ती फिकी होत जाते. त्यावरून म्हणतो आम्ही."

"दिवा," बाई मला म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे वळून, "खूण सुटून गेली आणि कण तिथंच राहिले, असं असेल तर?"

"असू शकतं, मॅडम. खात्री करायची तर यकृताचा तुकडाच तपासावा लागेल. रुग्ण आधीच थकलेले असतात, त्यासाठी सुई खुपसणं आम्हाला बरोबर वाटत नाही. आणि नंतर..." ते थांबले.

"मेल्यावर," बाईंनी वाक्य पूर्ण केलं.

"नंतर घरचे नको म्हणतात. अजून कुणीच हो म्हटलेलं नाही."

बाईंनी तिथंच सही केली, उपचाराला आणि मेल्यानंतरच्या तपासणीलाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तुमची सही असली तरी त्या वेळी नातेवाईक नको म्हणाले तर आम्ही हात लावणार नाही.

बाहेर आल्यावर मी चिडले. चांगलीच चिडले. म्हटलं, "उपचार घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण आयुष्यभर मासे कापलेत, आता स्वतःला कापून घ्यायचं कशाला?"

"माशांना कुणी विचारलं होतं?" बाई म्हणाल्या. "मला विचारलं. एवढा मान आहे माझा, तर उत्तर नको द्यायला?" आणि थोडं चालून गेल्यावर थांबल्या. माझा दंड धरला. "माझ्या नावापुढं 'शोधलं नाही' असं लिहू देऊ नकोस. सापडलं नाही लिहिलं तरी चालेल. पण शोधा."

त्या औषधानं त्यांना बरे दिवस दिले. पुन्हा लॅबमधे येऊ लागल्या, डायरेक्टरशी भांडू लागल्या, मासळी खाऊ लागल्या. मग ते दिवस संपले.

आणि इथं मला बाईंचा राग आहे, तो मी लपवणार नाही. कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई भावाला मात्र त्या सहीची एवढी एक गोष्ट सांगू शकली नाही. मी कितीदा म्हटलं, "दादांना सांगा हो." दर वेळी, "आज नको, तो थकून आलाय." शेवटी शेवटी, आवाज अगदी बारीक झालेला, तेव्हा म्हणाल्या, "तू सांग. मला नाही जमणार. तो रडतो."

सकाळच्या वेळी गेल्या. चादरीचा काठ मुठीत धरलेला होता, तो सोडवावा लागला.

इस्पितळाच्या व्हरांड्यात दादा उभे होते. उंच, काळे, पांढऱ्या मिशा, हातात बाईंची चप्पल. कुणीतरी सामान आवरताना दिली असावी, ती तशीच धरून उभे. डॉक्टर आले, हात जोडले, आणि हळूच माझ्याकडे बघितलं. वेळ थोडा होता.

मी सांगायला सुरुवात केली. कण, यकृत, तपासणी, पुढच्या रुग्णांना होणारा उपयोग, बाईंनी स्वतः केलेली सही. किती वाईट बोलत होते ते मलाच ऐकू येत होतं. दादांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कापायची न्हाय," ते म्हणाले.

"दादा, त्यांची इच्छा होती."

"आसंल." त्यांनी चप्पल दुसऱ्या हातात घेतली. "गो बाय, बापाचे जागंवर मी गवात जाललंय. म्हायत हाय तुला? गवात. हातभर पुतला. लोक सांगत व्हते, हाच तुजा बाप, लाव आग. मी लावली. आई घरान गेली, तिचा सगला मिलाला, तिला नीट दिली. हिला पन मी आख्खी देनार. आमचे घरातला आजून कोनाला कमी न्हाय करायचा."

डॉक्टर म्हणाले, "ठीक आहे काका. तुम्ही म्हणता तसंच." आणि जायला वळले. खरं सांगते, मलाही वाटलं, जाऊ दे. या माणसापुढे कुठल्या तोंडानं आणखी बोलायचं? त्याचं म्हणणं माझ्या कुठल्याही म्हणण्यापेक्षा मोठं होतं. पण दंडावरची ती बोटं मला तेव्हाही जाणवत होती.

"दादा," मी म्हटलं, "डॉक्टरांना त्यांच्या यकृतात उजेड दिसला होता. मशीनमधून. मग तो उजेड कमी झाला. डॉक्टर म्हणतात, कण गेले. बाई म्हणायच्या, तो फक्त दिवा आहे. दिव्यावरून होडीचं सांगू नका, होडी बघा."

दादांनी माझ्याकडे बघितलं.

"ह्ये तिना सांगितला?"

"रोज सांगायच्या. आम्हाला शिकवलंच ते. आईनं भात लावला होता, तेही सांगितलं."

ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. चप्पल मांडीवर ठेवली. मी त्यांच्या शेजारी बसले, डॉक्टर उभेच. मग दादा म्हणाले, "ती बारकी व्हती. आमाला वाटायचा तिला काय आठवत न्हाय." आणि बाई म्हणाल्या होत्या तसं, रडले. तोंड न झाकता रडले.

मग मिशा पुसून त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "केवडा घेनार?"

डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्याचं पेर दाखवलं.

"आनि मंग त्ये कुठं जातं?"

तोपर्यंत मी धीर धरला होता. तो प्रश्न ऐकल्यावर मला धरवेना. मी भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर म्हणाले, तपासून झाल्यावर असे नमुने इस्पितळात जाळून टाकतात. दादा म्हणाले, "न्हाय. जेवडा उरंल तेवडा माज्या हातात द्यायचा. मी जालनार. मान्य आसंल तर घ्या." डॉक्टरांनी मान्य केलं. लिहून दिलं. त्याच संध्याकाळी भाईंदरच्या स्मशानात बाईंना अग्नी दिला.

इस्पितळातून फोन आला तेव्हा मधे काही महिने गेले होते. दादांना घेऊन मी गेले. डॉक्टरांनी मला पडद्यावर फोटो दाखवला. उजेडाचा नव्हे, दुसऱ्या यंत्रावरचा. करड्या पेशीत काळे, गोल, स्पष्ट ठिपके, एकमेकांना चिकटून बसलेले. स्कॅनवर खूण केव्हाच पुसली गेली होती. कण तिथंच होते. खाली एका ओळीत लिहिलं होतं: यकृत, शोधले, सापडले. आता नव्या रुग्णांना सांगताना हे कण बाहेर पडतात असं आम्ही म्हणत नाही, डॉक्टर म्हणाले. राहतात म्हणून सांगतो, मग ते काय ते ठरवतात.

दादा बाहेर बाकावर थांबले होते. त्यांना फोटो बघायचा नव्हता. मी आल्यावर एवढंच विचारलं, "दिवा, का होडी?"

"होडी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दोनतीनदा हलवली. "आमचे घरान कोन शोदल्यावर सापडला, तर ही पयलीच," ते म्हणाले.

इस्पितळानं दिलेला डबा लहानसा होता, पांढरा, झाकण चिकटपट्टीनं बंद केलेलं. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, पिशवीतही ठेवला नाही. भाईंदरला उतरून आम्ही पश्चिमेला शेअर रिक्षात बसलो. दादा कडेला, मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात. मधे मी. रिक्षावाला तिसऱ्या सीटसाठी थांबलेला. मागे वळून म्हणाला, "चाचा, डब्बा नीचे रख दो ना, और एक सवारी बैठेगी."

"न्हाय," दादा म्हणाले. "बहिन है मेरी."

रिक्षावाल्यानं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यानं तिसरी सीट न घेताच रिक्षा सुरू केली.